अंगठा दुखतो, शिक्षा डाळीला!

रक्ततपासणीच्या कागदावर 'युरिक ॲसिड' या शब्दांपुढे मोठा आकडा दिसला, की घरातल्या स्वयंपाकावर संक्रांत येते. तुरीची डाळ बंद, मटकी-चवळी बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. लिंबू, चिंच आणि दही यांचे तर नावच नको. येणारे-जाणारे आणखी दोन-चार पदार्थांची भर घालतात. आठवड्याभरात त्या माणसाच्या ताटात पोळी, भात, बटाटा आणि दुधीची भाजी एवढेच उरते. दिवसातून पाच वेळा होणारा दोन चमचे साखरेचा चहा मात्र चालूच राहतो. उन्हाळ्यातले कोल्ड्रिंक, शनिवारची बिअर, रविवारचा रस्सा यांनाही कोणी हात लावत नाही. फार तर 'फोडी खाऊ नका, नुसता रस्सा घ्या' असा सल्ला मिळतो.

ही पथ्याची यादी जवळजवळ उलटी आहे. जे ठेवायला हवे ते काढले जाते आणि जे कमी करायला हवे ते राहते. यात साठी-सत्तरीच्या माणसांचे विशेष नुकसान होते, कारण शाकाहारी घरात डाळ आणि दही गेले की प्रथिनांचे दोन मोठे आधार एकदम जातात. तेव्हा हे दुखणे काय आहे, त्यात अन्नाचा वाटा किती आणि कोणत्या अन्नाचा, हे नीट समजून घेतलेले बरे. शाळेत शिकवली जाणारी द्रावण, संपृक्तता, स्फटिक आणि उत्क्रांती ही प्रकरणे येथे एकाच सांध्यात भेटतात.

दुखणे कसे असते?

या दुखण्याला गाऊट म्हणतात. माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि मध्यरात्री किंवा पहाटे पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा ठणकू लागल्याने जागा होतो. सांधा लाल होतो, सुजतो, गरम लागतो. अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. काहींचा घोटा, टाच किंवा गुडघाही धरतो. एक-दोन आठवड्यांत दुखणे ओसरते आणि माणूस सारे विसरतो. मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा तोच प्रकार घडतो.

आजार जुना आहे. चरकसंहितेत 'वातरक्त' या नावाने त्याच्याशी मिळतेजुळते वर्णन असून त्याचे एक नाव 'आढ्यवात' असे आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावरील सूत्रांत असे निरीक्षण आहे, की स्त्रियांना मासिक पाळी थांबेपर्यंत हे दुखणे होत नाही. याचे कारण आज माहीत आहे. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे स्त्रियांची मूत्रपिंडे युरिक ॲसिड अधिक सहज बाहेर टाकतात. म्हणूनच हा आजार पुरुषांत बराच जास्त आढळतो.

एक गोष्ट येथेच लक्षात घ्यावी. जे दुखणे दहा-बारा दिवसांत आपोआप उतरते, ते कोणत्याही उपायाला यश मिळवून देते. ठणका सुरू झाल्यावर कोणी टोमॅटो सोडला, कोणी ताईत बांधला, कोणी कसला काढा घेतला, तरी दुखणे थांबणारच असते. श्रेय मात्र त्या उपायाला मिळते. पथ्यांच्या लांबलचक याद्या बहुधा अशाच वाढत गेल्या आहेत.

पालीला जमते ते आपल्याला का जमत नाही?

युरिक ॲसिड हे बाहेरून आलेले विष नाही. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए आणि आरएनए असतात. ते ज्या घटकांपासून बनतात, त्यांतील काहींना प्युरिन म्हणतात. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूतही प्युरिन असते. पेशी जुन्या होतात, मोडतात, नव्या तयार होतात. त्या मोडतोडीत प्युरिनचे शेवटी युरिक ॲसिड बनते. अन्नातील प्युरिनचेही तेच होते. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज साधारण ६०० ते ७०० मिलिग्रॅम युरिक ॲसिड तयार होते. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश शरीराच्या स्वतःच्या उलाढालीतून येते, अन्नातून येणारा वाटा जेमतेम एक-तृतीयांश असतो. हे प्रमाण ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

भिंतीवरच्या पालीच्या विष्ठेला एक पांढरे टोक असते. कोंबडीच्या आणि कबुतराच्या विष्ठेतही असाच पांढरा भाग दिसतो. तो मुख्यतः युरिक ॲसिडचा असतो. पक्षी आणि सरपटणारे प्राणी शरीरातील नको असलेला नायट्रोजन या रूपात टाकतात. युरिक ॲसिड पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे ते चिखलासारखे बाहेर टाकता येते आणि पाणी वाचते. कवचाच्या अंड्यात वाढणाऱ्या पिलाला तर ही सोय फारच मोलाची असते.

सस्तन प्राणी नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपात टाकतात. प्युरिनपासून जे थोडे युरिक ॲसिड बनते, त्याचे बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज नावाचे विकर सहज विरघळणाऱ्या ॲलँटॉइनमध्ये रूपांतर करते. गाय, घोडा, उंदीर या सर्वांजवळ हे विकर आहे. माणूस आणि त्याचे जवळचे नातलग असलेले कपी यांच्या पूर्वजांत मात्र लाखो वर्षांपूर्वी या विकराचे जनुक निकामी झाले. ते जनुक आजही आपल्या गुणसूत्रात मोडक्या स्थितीत आहे. त्यातच आपली मूत्रपिंडे गाळलेल्या युरिक ॲसिडपैकी सुमारे ९० टक्के परत रक्तात घेतात. परिणामी आपल्या रक्तात इतर सस्तन प्राण्यांच्या मानाने युरिक ॲसिड कितीतरी जास्त असते. थोडक्यात, आपण सगळेच काठोकाठ भरलेला पेला हातात घेऊन चालत आहोत.

तुरटीचा खडा आणि गॅरडचा दोरा

हा पेला केव्हा सांडतो, हे वर्गात दाखवता येते. एका भांड्यात गरम पाणी घेऊन तीत आणखी विरघळेनाशी होईपर्यंत तुरटीची पूड घालावी. द्रावण गाळून काचेच्या पेल्यात ओतावे, त्यात एक दोरा सोडावा आणि पेला न हलवता ठेवावा. द्रावण थंड होत जाईल तसे दोऱ्यावर चकचकीत स्फटिक धरू लागतील. मुलांना तीन गोष्टी दिसतात: पाण्यात पदार्थ विरघळण्याला मर्यादा असते, तापमान उतरले की ती मर्यादाही उतरते आणि स्फटिकाला बसायला आधार मिळाला की तो झपाट्याने वाढतो.

रक्तात हेच घडते. शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ६.८ मिलिग्रॅम युरेट विरघळलेले राहू शकते. त्याहून जास्त झाले की द्रावण अतिसंपृक्त होते. तापमान ३० अंशांवर आले, तर ही मर्यादा ४.५ च्या आसपास येते. हृदयापासून सर्वांत दूर आणि म्हणून थंड राहणारा, शिवाय चालताना रोज भार आणि धक्के सोसणारा सांधा म्हणजे पायाचा अंगठा. स्फटिक तेथेच आधी का जमतात, याचे एक मोठे कारण तुरटीच्या पेल्यात दिसले.

दोऱ्याची गोष्ट इतिहासातही आहे. लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड बॅरिंग गॅरड यांनी १८४८ मध्ये गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असते, हे दाखवले. पुढे १८५४ मध्ये त्यांनी एक सोपी चाचणी मांडली. रक्तद्रवात थोडे ॲसेटिक आम्ल घालून त्यात तागाचा धागा सोडायचा आणि त्यावर युरिक ॲसिडचे स्फटिक धरतात का ते पाहायचे. सांध्यातील पाण्यात सुईसारखे स्फटिक ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची पद्धत १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी रूढ केली. आजही गाऊटचे सर्वांत पक्के निदान तेच आहे.

स्फटिक नुसते असल्याने मात्र ठणका लागत नाही. ते वर्षानुवर्षे सांध्यात मुकाट पडून राहू शकतात. एखाद्या दिवशी पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, ते जिवाणूंसारखे काही परके आहे अशी आरोळी उठते आणि दाह सुरू होतो. या आरोळीची पेशीतली यंत्रणा २००६ मध्ये उलगडली. म्हणजे ठणका हा शरीराच्याच फौजेने केलेल्या हल्ल्याचा असतो. एकदा तो सुरू झाल्यावर डाळ सोडून थांबत नाही. त्या वेळी विश्रांती, बर्फाचा शेक आणि डॉक्टरांनी दिलेले दाहशामक औषध हाच मार्ग आहे. आहाराचे काम ठणका नसतानाच्या दिवसांत, पेल्याची पातळी खाली ठेवण्याचे आहे.

येथे दोन गैरसमज दूर व्हायला हवेत. रक्तात युरिक ॲसिड जास्त असणे म्हणजेच गाऊट नव्हे. असे असलेल्या बहुसंख्य लोकांना गाऊट कधीच होत नाही. उलट ऐन ठणक्यात केलेल्या तपासणीत आकडा सामान्यही येऊ शकतो. म्हणून दुखणे उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते.

डाळीवरचा आळ

डाळीत प्युरिन असते, पालकात असते, फ्लॉवर आणि अळिंबीतही असते. यातले काहीच खोटे नाही. प्युरिन म्हणजे युरिक ॲसिडचा कच्चा माल, म्हणून हे पदार्थ वाईट, असा सरळ हिशेब मांडला गेला आणि तो पाठ्यपुस्तकांतही राहिला. प्रत्यक्ष माणसांवर तपासून पाहण्याचे काम बरेच उशिरा झाले.

अमेरिकेत दंतवैद्य, औषधविक्रेते, पशुवैद्य अशा ४७ हजारांहून अधिक पुरुषांच्या खाण्याची १२ वर्षे नोंद ठेवण्यात आली. त्या काळात त्यांच्यापैकी ७३० जणांना नव्याने गाऊट झाला. ह्यॉन चॉय आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे होते: सर्वांत जास्त मांस खाणाऱ्या गटात सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा धोका ४१ टक्के जास्त होता आणि मासळीच्या बाबतीत ५१ टक्के जास्त. वाटाणे, घेवडे, मसूर, पालक, अळिंबी, फ्लॉवर या प्युरिनयुक्त भाज्या-कडधान्यांनी मात्र धोका वाढला नव्हता. सर्वांत जास्त दूधदुभते घेणाऱ्यांत तो ४४ टक्के कमी होता. सिंगापूरमधील चिनी लोकांच्या मोठ्या पाहणीत २०१५ मध्ये सोयाबीन आणि इतर कडधान्ये खाणाऱ्यांत गाऊटचे प्रमाण थोडे कमीच आढळले.

असे का व्हावे? सगळी प्युरिने सारखी नसतात. मांस-मासळीत हायपोझँथिन आणि त्याच्या जवळची प्युरिने जास्त असतात आणि ती युरिक ॲसिड झपाट्याने वाढवतात. वनस्पतींत प्युरिनांचे मिश्रण वेगळे असते आणि सोबत तंतू असतात. दुधातील प्रथिने तर मूत्रपिंडांतून युरिक ॲसिड बाहेर पडायला मदत करतात. दुधात आणि अंड्यात प्युरिन जवळजवळ नसतेच.

तक्ते वाचण्यातही एक मेख आहे. बहुतेक तक्ते १०० ग्रॅम सुक्या डाळीचा आकडा देतात. वाटीभर वरणात मात्र सुकी डाळ असते २५ ते ३० ग्रॅम, बाकीचे पाणी. १०० ग्रॅम मटण किंवा मासळी एका जेवणात सहज संपते. १०० ग्रॅम सुकी डाळ एका जेवणात कोणी खात नाही. कोंबडीच्या १०० ग्रॅम यकृतात, म्हणजे कलेजीत, सुमारे ३०० मिलिग्रॅम प्युरिन असते. तक्त्यातील आकड्यांची तुलना नेहमी पानात वाढल्या जाणाऱ्या प्रमाणाने करावी. मुलांना हे उदाहरण जरूर सोडवायला द्यावे.

आंबटाचे पथ्य तर केवळ नावाच्या घोटाळ्यातून आले असावे असे वाटते. युरिक 'ॲसिड' म्हणजे आम्ल आणि लिंबूही आम्ल, तेव्हा लिंबू खाल्ल्याने युरिक ॲसिड वाढते, असा तर्क चालतो. पण लिंबातले सायट्रिक आम्ल हा निराळाच पदार्थ आहे. शरीरात त्याचे ज्वलन झाल्यावर लघवीची आम्लता उलट कमी होते आणि कमी आम्ल लघवीत युरिक ॲसिड जास्त विरघळते. क जीवनसत्त्वही युरिक ॲसिड बाहेर पडायला थोडी मदत करते. टोमॅटोत प्युरिन अगदी कमी असते. एखाद्याला टोमॅटो खाल्ल्यावर वारंवार ठणका लागल्याचा अनुभव असेल, तर त्याने तो टाळावा. पण सगळ्या घराने सोडण्याचे कारण नाही.

खरे वाटेकरी

पहिला वाटेकरी म्हणजे कलेजी, गुर्दा, भेजा यांसारखे अवयवांचे मांस आणि काही प्रकारची मासळी. आपल्या किनाऱ्यावरची तारली, बांगडा, मांदेली, कोळंबी आणि तिसऱ्या या यादीत येतात. सुकट आणि सुके बोंबील यांतून पाणी निघून गेलेले असल्याने त्यांत प्युरिन वजनाच्या मानाने दाटलेले असते. मालवण किंवा गोव्याच्या माणसाला मासळी सोडा म्हणणे व्यर्थ आहे आणि तशी गरजही नाही. तुकडे कमी करावेत, रोजच्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा खावे आणि सुकी मासळी चवीपुरती ठेवावी.

रस्स्याचे गणित मात्र समजून घ्यावे. प्युरिने पाण्यात उतरतात. मांस उकळले की त्यातला मोठा हिस्सा पाण्यात जातो. तेव्हा 'फोडी नको, नुसता रस्सा घ्या' हा सल्ला प्युरिनच्या दृष्टीने उफराटा आहे. अळणी पाणी, पांढरा रस्सा आणि पायाचे सूप हे प्युरिनचे अर्क आहेत. ते पिण्यापेक्षा दोन फोडी खाणे बरे.

दुसरा वाटेकरी दारू आहे. शरीरात मद्यार्काचे विघटन होताना एटीपी खर्ची पडून प्युरिन मोकळे होते आणि त्याच वेळी तयार होणाऱ्या लॅक्टेटमुळे मूत्रपिंडे युरिक ॲसिड अडवून धरतात. उत्पादन वाढते आणि निचरा कमी होतो. बिअरमध्ये यीस्टचे प्युरिनही असते. वरील पाहणीत रोज दोन किंवा अधिक बिअर पिणाऱ्यांना न पिणाऱ्यांच्या अडीचपट धोका आढळला. बिअर 'हलकी' म्हणून निवडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिसऱ्या वाटेकऱ्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तो म्हणजे साखर. साखरेत प्युरिन नसते, म्हणून कोणत्याही जुन्या तक्त्यात तिचे नाव सापडत नाही. पण साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात शिरताच फ्रुक्टोजला फॉस्फेट जोडले जाते. हे काम इतक्या घाईने होते, की पेशीतील एटीपी खर्च होऊन त्याचा उरलेला सांगाडा साठतो आणि मोडून त्याचे युरिक ॲसिड बनते. ग्लुकोजच्या बाबतीत शरीर लगाम धरते, फ्रुक्टोजच्या बाबतीत धरत नाही. त्याच पुरुषांच्या पाहणीतून २००८ मध्ये असे दिसले, की रोज दोन किंवा अधिक साखरयुक्त शीतपेये पिणाऱ्यांत गाऊटचा धोका, महिन्याला एकही न घेणाऱ्यांच्या तुलनेत, ८५ टक्के जास्त होता.

आता आपल्या चहाचा हिशेब करू. पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमच्याला पाच ग्रॅम: एकूण ५० ग्रॅम. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर असते. म्हणजे दिवसभरात आपण दीड बाटली कोल्ड्रिंक प्यालो! चहा स्वतः निर्दोष आहे, दोष चमच्याचा आहे. उसाचा रस, गूळ आणि काकवी यांतही मुख्यतः हीच साखर असते आणि मधात तर सुटे फ्रुक्टोजच असते. 'नैसर्गिक' म्हणून यांना सूट नाही. अख्ख्या फळात साखर कमी प्रमाणात, तंतूंसोबत आणि सावकाश पोटात जाते. पेरू, संत्रे किंवा पपई सोडू नये. रस काढून पिणे तेवढे टाळावे.

उपवास, पाणी आणि वजन

काय खातो याइतकेच केव्हा उपाशी राहतो यालाही महत्त्व आहे. लांब उपवासात शरीर चरबी जाळू लागते आणि कीटोन तयार होतात. ते मूत्रपिंडातून बाहेर पडताना युरिक ॲसिडची वाट अडवतात. निर्जळी उपवासात पाणीही कमी पडते. म्हणून ज्यांना गाऊट आहे, त्यांना नवरात्रातले कडक उपवास किंवा आठवड्याभरात वजन उतरवण्याचे झटपट प्रयोग ठणका देऊन जाऊ शकतात. उपवास करायचाच असेल तर दूध, ताक, फळे आणि भरपूर पाणी घेत करावा. डॉक्टरांना विचारून सोडला तर अधिक चांगले.

वजन जास्त असेल तर ते सावकाश उतरवणे हा मात्र उत्तम उपाय आहे. वाढलेल्या चरबीमुळे इन्सुलिनचे काम बिघडते आणि मूत्रपिंडे युरिक ॲसिड धरून ठेवतात. उन्हात काम करणाऱ्यांनी पाण्याची बाटली जवळ ठेवावी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी पाणी आणि प्रथिने किती घ्यावीत, हे त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

पथ्याने किती साधते?

आता सुरुवातीचे ते प्रमाण आठवावे. अन्नाचा वाटा एक-तृतीयांश. अगदी कडक पथ्य पाळले, तरी रक्तातील युरिक ॲसिड साधारण एका मिलिग्रॅमने उतरते. ७.३ वरून ६.३ वर येणाऱ्याला हे पुरेसे ठरेल, ९.५ असलेल्याला नाही. २०१८ मध्ये सोळा हजारांहून अधिक युरोपीय वंशाच्या अमेरिकनांच्या माहितीचा अभ्यास झाला. माणसामाणसांतील युरिक ॲसिडच्या फरकापैकी जवळजवळ २४ टक्के फरकाचा उलगडा आनुवंशिकतेने होत होता, आहाराच्या वेगवेगळ्या धर्तींनी मात्र अर्धा टक्काही नाही.

मग पथ्य निरर्थक समजावे का? तसे नाही. एका गावातल्या सगळ्या शेतांवर सारखाच पाऊस पडतो. त्यामुळे त्या गावातील पिकांतला फरक पावसाने नव्हे, जमिनीच्या कसाने स्पष्ट होतो. यावरून पिकाला पाऊस लागत नाही असे कोणी म्हणणार नाही. पाऊसमानच बदलले तर काय होते, याचे उदाहरण पॅसिफिक महासागरातील टोकेलाऊ बेटांचे आहे. १९६६ च्या वादळानंतर तेथील अनेक लोक न्यूझीलंडमध्ये जाऊन राहिले. मूळ बेटांवरचा आहार मासे, नारळ आणि विलायती फणस असा होता. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थलांतरितांमध्ये गाऊट बेटावर राहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळला. वंश तोच होता, पण राहणी बदलली होती आणि वजने वाढली होती. जमिनीचा कस आणि पाऊस, दोन्ही खरे आहेत.

म्हणूनच औषधाची गरज लागणे हा पथ्यातला पराभव समजू नये. वर्षातून दोन किंवा अधिक वेळा ठणका लागत असेल, सांध्यांजवळ खडूसारख्या गाठी झाल्या असतील किंवा हाडांना इजा झाली असेल, तर युरिक ॲसिड कमी करणारे औषध बहुधा दीर्घकाळ घ्यावे लागते. ॲलोप्युरिनॉल हे यातले प्रमुख औषध. ते घडवणाऱ्या संशोधनासह इतर कामासाठी गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. पातळी ६ मिलिग्रॅमच्या खाली राहिली की जुने स्फटिक हळूहळू विरघळतात. सुरुवातीला हे विरघळणेच एखादा ठणका आणू शकते. त्या वेळी घाबरून गोळी बंद करणारे पुष्कळ असतात आणि तेथेच उपचार फसतो. रक्तदाबासाठी दिलेल्या काही लघवीच्या गोळ्या आणि हृदयासाठीची कमी मात्रेची ॲस्पिरिन यांनी युरिक ॲसिड वाढते. त्याही परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगाव्यात.

एक सावधगिरीची सूचना. गाऊटच्या ठणक्यावर वापरले जाणारे कोल्चिसीन हे द्रव्य आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात ज्वाळेसारखी फुले धरणाऱ्या कळलावीतही असते. 'गावठी औषध' म्हणून तिचा कंद खाणे जिवावर बेतते. औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार थोडे अंतर आहे.

रोजचे ताट

एवढ्या चर्चेनंतर जे ताट तयार होते, ते ओळखीचेच निघते. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर आमटी किंवा उसळ, काकडीची लिंबू पिळलेली कोशिंबीर आणि पेलाभर ताक. चहात साखर अर्धा चमचा आणि कप तीन. संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे किंवा एक पेरू. मांसाहारी माणसाला अंडी चालतील, आठवड्यातून एक-दोन वेळा बेताचे चिकन किंवा मासळी चालेल. कलेजी आणि सुकट क्वचित. दारू सोडता आली तर सर्वांत बरे. दूधदुभते, फळभाज्या, कडधान्ये आणि कमी साखर असलेल्या आहाराची अमेरिकेत नियंत्रित परीक्षा झाली आहे. तिचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण सांगते, की ज्यांचे युरिक ॲसिड ७ किंवा अधिक होते, त्यांच्यात ते एका मिलिग्रॅमहून थोडे जास्त उतरले.

या ताटाचा दुसरा फायदाही विसरू नये. गाऊटसोबत रक्तदाब, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार वारंवार आढळतात. कमी साखर, कमी दारू आणि आटोक्यातले वजन यांचा लाभ त्या सगळ्यांनाच होतो. डाळ सोडण्याचा लाभ मात्र यांपैकी कोणालाच होत नाही.

शिक्षकांच्या शब्दाला घरोघरी मान असतो. तुरटीचा प्रयोग करताना मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगावेत. एकात 'आमच्या घरी युरिक ॲसिडसाठी काय बंद केले' आणि दुसऱ्यात 'दिवसाला साखरेचे किती चमचे'. दोन्ही रकाने समोरासमोर ठेवून वर्गात चर्चा व्हावी. ती वही घरी गेली, तर एखाद्या आजोबांच्या पानात आमटीची वाटी परत येईल आणि त्यांच्या कपातला एखादा चमचा कमी होईल.